हिरवळीचा राखणदार

कुंडीतली तुळस पाण्यावाचून मरते, हे सगळ्यांना ठाऊक असते. जास्त पाण्यानेही ती मरते, हे मात्र दोन-तीन रोपे गेल्यावर कळते. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमधल्या बारीक पोकळ्यांत हवा असते, त्यातला ऑक्सिजन मुळे घेतात. त्या पोकळ्या पाण्याने भरल्या की ऑक्सिजन मुळांपर्यंत पोहोचत नाही, कारण हवेच्या तुलनेत पाण्यातून तो सुमारे दहा हजार पट संथ पसरतो. फुप्फुसात पाणी झालेला रुग्ण उशाला टेकून धापा टाकत बसतो, तशीच ही अवस्था. फक्त झाडाला धाप लागलेली दिसत नाही. पाने पिवळी पडतात तेव्हा मुळे कुजलेली असतात.

हे सारे आठवायचे कारण म्हणजे स्कॉटलंडचे टॉम मॉरिस. गोल्फच्या इतिहासात त्यांचे नाव मोठा खेळाडू म्हणून घेतले जाते. मला मात्र ते गवताचे डॉक्टर वाटतात.

त्यांचा जन्म 16 जून 1821 रोजी सेंट अँड्र्यूज या समुद्रकाठच्या गावात, एका विणकराच्या घरी झाला. चौदाव्या वर्षी ते अ‍ॅलन रॉबर्टसन यांच्याकडे उमेदवारी करू लागले. त्या काळी गोल्फचा चेंडू चामड्याच्या पिशवीत उकडलेली पिसे ठासून बनवत. पुढे गटापर्चा या झाडाच्या चिकाचे स्वस्त चेंडू आले. मॉरिस त्या चेंडूने खेळले आणि गुरू रागावले. 1851 मध्ये मॉरिस पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रेस्टविकला गेले. तिथले मैदान आखण्याचे आणि राखण्याचे काम त्यांना मिळाले. 1861, 1862, 1864 आणि 1867 असे चार वेळा त्यांनी ओपन स्पर्धा जिंकली. चौथ्या विजयाच्या वेळी त्यांचे वय 46 होते. इतक्या मोठ्या वयात ती स्पर्धा अजून कोणीही जिंकलेली नाही.

दरम्यान सेंट अँड्र्यूजच्या मैदानाची रया गेली होती. 1864 मध्ये तिथल्या क्लबने मॉरिस यांना परत बोलावले. वर्षाला 50 पौंड पगार आणि देखभालीसाठी 20 पौंड. हत्यारे म्हणजे एक हातगाडी, एक कुदळ, एक फावडे. जड कामासाठी आठवड्यातून दोन दिवस एक गडी. हुद्द्याचे नाव होते हिरवळीचा राखणदार.

तिथल्या हिवाळ्याची कल्पना आपल्याला सहज येत नाही. आपल्याकडे पाऊस धो धो कोसळतो, पण नंतर ऊन पडते आणि जमीन वाळते. सेंट अँड्र्यूजला डिसेंबरातला दिवस जेमतेम सात तासांचा असतो, सूर्य क्षितिजाजवळूनच सरकतो. रिमझिम थोडी असली तरी ओल उडून जात नाही. थंडीने गवताची वाढ थांबलेली असते, म्हणजे जखम भरून येत नाही. अशा ओल्या जमिनीवर माणसे चालली की मातीच्या पोकळ्या दाबल्या जातात आणि पाणी आणखी तुंबते. ओलसर, गार गवतावर बुरशी चढते. दव गोठलेल्या सकाळी नुसते पाऊल पडले तरी पात्यांमधल्या पेशी फुटतात आणि पावलांचे ठसे काळपट होऊन पुढे कित्येक दिवस दिसतात.

मॉरिस यांचे मुख्य औषध होते वाळू. प्रेस्टविकला त्यांच्या हातून वाळूची गाडी चुकून हिरवळीवर उलटली आणि काही दिवसांनी नेमके तिथलेच गवत दाट झाले, असे सांगतात. यामागचे शास्त्र सरळ आहे. मेलेल्या गवताचा थर पृष्ठभागाशी साचतो आणि स्पंजासारखे पाणी धरून ठेवतो. त्यात वाळू मिसळली की पोकळ्या मोकळ्या राहतात, पाणी खाली उतरते, हवा आत शिरते. सेंट अँड्र्यूजला त्यांनी हे काम नेमाने चालवले. डेव्हिड हनीमन या मदतनिसाला ते आणखी वाळू टाकायला सांगत असत, आणि ते सांगणे गावात सगळ्यांच्या तोंडी झाले होते.

दुसरे औषध आमच्या वॉर्डातल्या परिचारिकांना लगेच ओळखीचे वाटेल. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. नाहीतर एकाच जागी दाब पडून रक्तपुरवठा तुटतो आणि शय्याव्रण होतो. पूर्वी गोल्फमध्ये एका भोकात चेंडू गेला की पुढचा फटका त्याच्या शेजारूनच मारत. चेंडू ठेवायला चिमूटभर वाळूही त्याच भोकातून उपसत. साहजिकच हिरवळीचा नेमका नाजूक भाग तुडवला जाई. मॉरिस यांनी फटका मारण्याच्या जागा वेगळ्या काढल्या आणि भोकांच्या जागा बदलत ठेवल्या. झुडपे तोडून खेळण्याचे पट्टे रुंद केले, म्हणजे पावले विखुरली. 1870 मध्ये त्यांनी पहिल्या भोकासाठी नवी हिरवळ तयार केली. त्यामुळे मैदान उलट्या दिशेनेही खेळता येऊ लागले. एक आठवडा एका दिशेने, पुढचा दुसऱ्या दिशेने.

तिसरे औषध विश्रांतीचे. रविवारी मैदान बंद. प्रथा धर्माची होती, पण खेळणाऱ्यांना नको असली तरी मैदानाला विश्रांती हवी, असे मॉरिस बजावत. स्पर्धेचे दिवस वगळता ते जुने मैदान आजही रविवारी खेळासाठी बंद असते.

1875 चा हिवाळा मात्र त्यांच्या घरावर आला. मुलगा टॉमी वडिलांपेक्षाही मोठा खेळाडू होता. त्याने ओपन स्पर्धा चारदा जिंकली होती. 4 सप्टेंबरला बापलेक नॉर्थ बेरिकला सामना खेळत असताना तार आली. टॉमीची पत्नी मार्गारेट हिची प्रसूती अवघड झाली होती. दोघे नावेने खाडी ओलांडून निघाले, पण ते घरी पोहोचण्यापूर्वीच आई आणि बाळ दोघेही गेले होते. आज अशा बाईला शस्त्रक्रिया, रक्त आणि प्रतिजैविके मिळतात. त्या काळी सिझेरियन म्हणजे बहुतेक वेळा आईचा मृत्यूच. सरकारी रुग्णालयात रात्री-अपरात्री अडलेली बाळंतीण वेळेत पोहोचते आणि दोन्ही जीव वाचतात, तेव्हा मला ती तार आठवते.

नोव्हेंबरअखेरीस टॉमी बर्फ पडत असतानाही एक लांबलचक सामना खेळला. 25 डिसेंबरच्या सकाळी तो अंथरुणात मृतावस्थेत आढळला. वय 24. फुप्फुसातला रक्तस्राव हे मृत्यूचे कारण ठरले. लोक मात्र म्हणत राहिले की तो दुःखाने गेला. पुढच्या वर्षी मॉरिस यांची पत्नीही वारली. उरलेली मुलेही एकेक करून त्यांच्या डोळ्यांदेखत गेली.

मॉरिस काम करत राहिले. ओली जमीन कोणाच्या सुतकासाठी थांबत नाही. वाळू टाकायची, झिजलेले गवत काढून नवे बसवायचे, भोक हलवायचे. थंडीतही रोज सकाळी समुद्रात डुबकी मारण्याचा त्यांचा नेम होता. तो सर्वांनी करावा असे मी म्हणणार नाही, हृदयविकार असलेल्यांनी तर नकोच. पण शोकात बुडालेल्या माणसाला रोज सकाळी घराबाहेर काढणारे एखादे काम असावे, हे मात्र मी रुग्णांना आवर्जून सांगतो. मॉरिस 1903 मध्ये, वयाची 80 ओलांडल्यावर निवृत्त झाले.

24 मे 1908 रोजी क्लबच्या जिन्यावरून पडून त्यांचा मृत्यू झाला. वय 86. म्हाताऱ्या माणसांचे पडणे आजही तितकेच घातक आहे. तेव्हा घरात वृद्ध असतील तर जिन्याला कठडा आणि रात्री उजेड आहे ना, हे आजच बघून घ्या.

रक्तदाबाची गोळी रोज घेणारे अनेकजण विचारतात की काही होत नसताना ती कशाला घ्यायची. मॉरिस यांची वाळूही अशीच होती. टाकली त्या दिवशी काहीच दिसत नसे. पुढच्या ओल्या हिवाळ्यात गवत जगले, की ती कशासाठी टाकली होती ते कळत असे.