वहीत चिकटवलेला पतंग

पावसाळ्यात लोणावळा-खंडाळ्याच्या घाटमाथ्यावर कॉम्प्युटर बिघडला की पहिला संशय दमटपणावर जातो. जिथे कपाटातल्या चपलांना बुरशी येते आणि काडेपेटी पेटत नाही, तिथे कीबोर्डने तरी का टिकावे? संशय अगदीच खोटा नाही. पण ओलीने बिघडणारा कीबोर्ड हळूहळू बिघडतो. आधी एखादी कळ अडकते, मग एखादे अक्षर दोनदा उमटते. रात्री नीट बंद केलेला कॉम्प्युटर सकाळी अपडेट होऊन उघडावा आणि कीबोर्ड व माउस दोन्ही एकदमच गप्प व्हावेत, हे ओलीचे लक्षण नव्हे. चिक्कीच्या दुकानातले बिल अडते, कामशेत किंवा वडगावच्या सेवा केंद्रात दाखल्यासाठी आलेली माणसे ताटकळतात आणि कोणीतरी सुचवते, सगळे पुसून विंडोज नव्याने टाका. त्याने बिघाड बहुधा जातो, पण त्याच्यासोबत दुकानाचा वर्षाचा हिशेबही जातो.

असे घडते हे मायक्रोसॉफ्टलाही मान्य करावे लागले आहे. १४ ऑक्टोबर २०२५ च्या विंडोज ११ च्या अपडेटनंतर यूएसबीवर चालणारे कीबोर्ड आणि माउस नेमके दुरुस्तीच्या पडद्यावर चालेनासे झाले. एरवी ते चालत होते, पण कॉम्प्युटर अडला की ज्या पडद्यावर जाऊन तो सावरायचा, तिथे पोचल्यावर काहीच दाबता येत नव्हते. डॉक्टरच्या दारापर्यंत जावे आणि आत गेल्यावर वाचाच बसावी, तसे हे झाले. जुन्या गोल पिनेचे कीबोर्ड असलेल्यांचे मात्र काही अडले नाही. २० ऑक्टोबरला कंपनीने खास दुरुस्ती पाठवली. इतक्या लोकांच्या यंत्रांत एकाच वेळी जे मोडले, त्यात कीबोर्डचा काही दोष नव्हता. कीबोर्ड आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारा छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. संवाद तुटला होता तो तिथे.

दोन धडधाकट भागांमधला तुटलेला संवाद शोधणे आणि तो पुन्हा तुटू नये याची व्यवस्था लावणे, यात जिचे सारे आयुष्य गेले ती बाई म्हणजे अमेरिकन नौदलातल्या ग्रेस हॉपर.

९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये जन्मलेली ग्रेस मरे सात वर्षांची असताना तिला गजराच्या घड्याळात काय असते ते पाहायचे होते. तिने एक उघडले. ते पुन्हा जोडता येईना, म्हणून ते कसे जुळते हे पाहायला दुसरे उघडले. असे करता करता घरातली सातही घड्याळे खोलून झाली, तेव्हा आईच्या लक्षात आले. आईने रागावून बंदी घातली नाही. यापुढे एकाच घड्याळावर प्रयोग करायचे, एवढी अट घातली. एका वेळी एकच घड्याळ! बिघाड शोधणाऱ्याला याहून चांगला पहिला धडा मिळणे कठीण.

व्हॅसार कॉलेजातून १९२८ मध्ये गणित आणि भौतिकशास्त्राची पदवी, १९३० मध्ये व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न, १९३४ मध्ये येल विद्यापीठाची गणितातली पीएच.डी. आणि व्हॅसारमध्येच प्राध्यापकी. आयुष्य रुळावर होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका उतरली आणि ग्रेस यांनी नौदलात जायचे ठरवले. वय जास्त, वजन नियमापेक्षा कमी, शिवाय गणिताच्या शिक्षकाची देशाला घरीच गरज. या सगळ्या हरकतींतून सवलत मिळवत डिसेंबर १९४३ मध्ये त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या आणि प्रशिक्षणात पहिल्या आल्या. जुलै १९४४ मध्ये त्यांना जहाजावर नव्हे, तर हार्वर्ड विद्यापीठात पाठवले गेले. तिथे हॉवर्ड एकेन यांचे मार्क १ हे यंत्र नौदलासाठी गणिते करत होते.

१५ फेब्रुवारी १९४५ ला लोणावळ्यात नौदलाची ‘शिवाजी’ ही प्रशिक्षण संस्था सुरू झाली. समुद्र दिसतही नाही अशा डोंगरात नौसैनिक जहाजांची यंत्रे खोलायला आणि दुरुस्त करायला शिकू लागले. त्याच काळात समुद्राशी असाच काही संबंध नसलेल्या खोलीत लेफ्टनंट हॉपर ५१ फूट लांब आणि सुमारे पाच टनांच्या यंत्रासमोर उभ्या असत. त्यात शेकडो मैल तार होती, आणि ते सेकंदाला तीन बेरजा करी. आज हा आकडा ऐकून हसू येते. पण तेव्हा माणसांना महिनोन्‌महिने लागणारी गणिते त्यावर होत. कागदी पट्टीवर भोके पाडून त्याला सूचना द्यायच्या. एक भोक चुकीच्या जागी पडले की उत्तर चुके, आणि यंत्र रात्रंदिवस चालत असल्याने चूकही रात्रीअपरात्री शोधावी लागे. पट्टी चुकली, तार सुटली की मुळात गणितच चुकीचे मांडले? प्रत्येक वेळी हाच प्रश्न. हॉपर यांनी या यंत्राचे पाचशेहून अधिक पानांचे माहितीपुस्तक लिहिले. ते १९४६ मध्ये छापले गेले.

प्रसिद्ध गोष्ट आहे ती त्यापुढच्या मार्क २ या यंत्राची. ९ सप्टेंबर १९४७ रोजी ते अडले. तपासता तपासता मंडळी ‘एफ’ पॅनेलमधल्या ७० क्रमांकाच्या रिलेपाशी पोचली. रिले म्हणजे विजेवर उघडझाप करणारा खटका. त्यात एक पतंग सापडला. पहिल्या पावसानंतर आपल्याकडे ट्यूबलाइटभोवती किड्यांची गर्दी होते, तसाच दिव्याकडे आलेला एखादा असणार. तो काढून टाकून काम पुढे नेता आले असते. कोणीतरी तो चिमट्याने उचलून त्या दिवसाच्या नोंदवहीत चिकटपट्टीने लावला, आणि किडा म्हणजे ‘बग’ खरोखर सापडल्याची पहिलीच वेळ, अशा अर्थाची मिस्कील ओळ शेजारी लिहिली.

बिघाडाला बग म्हणण्याची सुरुवात इथून झाली, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. एडिसनच्या काळापासून इंजिनिअर हा शब्द वापरत होते, आणि म्हणूनच तर वहीतला विनोद विनोद ठरतो. पतंग स्वतः हॉपर यांनी पकडला, असेही नाही. त्यांनी ती गोष्ट पुढे आयुष्यभर रंगवून सांगितली, म्हणून ती त्यांच्या नावावर जमा झाली. खरी मोलाची वस्तू पतंग नव्हे, ती वही. किती वाजता काय तपासले आणि त्यानंतर काय झाले, हे तिच्यात ओळीओळीने आहे.

कीबोर्डच्या बाबतीतही हीच वही कामाला येते. कॉम्प्युटर सुरू होताना, विंडोज यायच्या आधी जो सेटिंगचा निळा-काळा पडदा उघडता येतो, तिथे कळा चालतात का? चालत असतील तर कीबोर्ड शाबूत आहे, गडबड विंडोजमध्ये आहे. चालत नसतील तर तोच कीबोर्ड शेजारच्या कॉम्प्युटरला लावून पाहावा. बिनतारी असेल तर आधी सेल बदलावा, हे सांगायला साधे वाटते, पण अर्ध्या तासाच्या झटापटीनंतरच आठवते. यूएसबीची जागा बदलावी, मधला हब काढून थेट जोडावे. लॅपटॉपचा टचपॅड चालत असेल तर पडद्यावरचा कीबोर्ड उघडून डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्रायव्हर आधीच्या आवृत्तीवर नेता येतो, किंवा अपडेटच्या यादीतून कालचे अपडेट काढता येते. मात्र प्रत्येक पायरीनंतर थांबून पाहायचे आणि कागदावर लिहायचे. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि कीबोर्ड चालू झाला, तर कशाने झाला हे कळत नाही, आणि पुढच्या अपडेटला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

हॉपर यांच्या स्वतःच्या आयुष्यात तोवर बरेच मोडले होते. १९४५ मध्ये घटस्फोट झाला. हार्वर्डमध्ये स्त्रीला कायमची जागा मिळण्याची शक्यता नव्हती, म्हणून १९४९ मध्ये त्यांना ते सोडावे लागले. फिलाडेल्फियाच्या एकर्ट-मॉकली कंपनीत त्या आल्या तेव्हा कंपनी स्वतःच आर्थिक अडचणीत होती. युद्धकाळातल्या ताणात सुरू झालेले मद्यपान वाढत गेले, इतके की मित्रांना मध्ये पडून त्यांना सावध करावे लागले. त्यांच्या गौरवलेखांत हा भाग सहसा वगळला जातो. वगळू नये. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी नोकरी, संसार आणि प्रकृती एकदमच डळमळलेली ही बाई पुढच्या तीन वर्षांत जे करते, ते त्यांच्या आयुष्यातले सर्वात मोठे काम आहे.

१९५२ मध्ये त्यांनी ए-० हा प्रोग्रॅम तयार केला. माणसाने सोयीच्या खुणांनी सांगितलेले काम यंत्राच्या सूचनांमध्ये जुळवून द्यायचे, हे काम आता यंत्रच करू लागले. अशा प्रोग्रॅमला कंपायलर म्हणतात. कॉम्प्युटर फक्त गणिते करतो, स्वतःसाठी प्रोग्रॅम रचू शकत नाही, असे तेव्हा जाणकारही मानत. चालणारा कंपायलर हाताशी असूनही त्याला फारसे कोणी हात लावीना. मग त्या आणखी पुढे गेल्या. इंग्रजी शब्दांत आज्ञा देता याव्यात असा छोटा नमुना करून त्यांनी वरिष्ठांना दाखवला आणि सहज म्हणून तोच फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवला. वरिष्ठ हादरले. पेनसिल्व्हेनियात बनलेल्या यंत्राला फ्रेंच कळणार तरी कसे! यंत्राला इंग्रजीही कळत नाही, त्याच्या लेखी सगळ्याच नुसत्या खुणा, हे पटवण्यात बराच काळ गेला. त्यातून फ्लो-मॅटिक आली, आणि तिच्या पायावर १९५९ मध्ये कोबोल या भाषेची आखणी सुरू झाली. बँका आणि विमा कंपन्यांचे व्यवहार पुढे कित्येक दशके कोबोलवर चालले.

१९६६ च्या अखेरीस साठाव्या वर्षी नौदलाने त्यांना निवृत्त केले. सात महिने लोटले आणि ऑगस्ट १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावले. काम असे होते: नौदलात वेगवेगळ्या कंपन्यांचे कॉम्प्युटर होते आणि प्रत्येकाची कोबोल थोडी थोडी वेगळी. एका यंत्रावर चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्यावर अडे. आज अपडेटनंतर माउस अडतो, त्याच जातीचा हा आजार. हॉपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोबोलसाठी चाचण्यांचा संच तयार केला. कंपनी कुठलीही असो, तिचा कंपायलर या चाचण्यांना उतरला पाहिजे. आज कोणतेही अपडेट लोकांकडे पाठवण्याआधी जुन्या गोष्टी अजून चालतात ना हे पाहिले जाते, ते याच वळणाचे काम. आणि एखादे यंत्र, एखादा पडदा चाचणीतून निसटला की काय होते, ते ऑक्टोबर २०२५ मध्ये दिसलेच.

सहा महिन्यांची नेमणूक संपलीच नाही. व्याख्यानांना जाताना त्या तारेचे तुकडे बरोबर नेत. प्रत्येक तुकडा सुमारे ३० सेंटिमीटरचा, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात वीज जास्तीत जास्त जाऊ शकेल इतका. उपग्रहाकडून संदेश यायला उशीर का होतो, असे विचारणाऱ्या अधिकाऱ्यांनाही त्या तोच दाखवत. कार्यालयाच्या भिंतीवर उलटे फिरणारे घड्याळ होते. ते वेळ बरोबर सांगे, वाचायची सवय तेवढी बदलावी लागे. १४ ऑगस्ट १९८६ रोजी बोस्टनमध्ये ‘कॉन्स्टिट्यूशन’ या जुन्या शिडाच्या युद्धनौकेवर रिअर ॲडमिरल हॉपर अखेर निवृत्त झाल्या तेव्हा त्यांचे वय ७९ होते. त्यानंतरही एका कॉम्प्युटर कंपनीच्या सल्लागार म्हणून त्या काम करत राहिल्या. १ जानेवारी १९९२ रोजी झोपेतच त्यांचे निधन झाले.

मार्क २ ची नोंदवही आता वॉशिंग्टनच्या अमेरिकन इतिहास संग्रहालयात आहे. त्या पानावर चिकटपट्टीखाली तो पतंग अजून आहे.