एक सदरा, एक डिग्री आणि आईला पत्र

शेवटच्या वर्षाची परीक्षा जवळ आली, की घरून फोन येतो. अभ्यासाची चौकशी होते आणि मग हळूच विषय निघतो, नोकरीचं काय? गोपाळ गणेश आगरकरांच्या वेळी फोन नव्हते, पण घरच्यांची आशा हीच होती.

कराडजवळचं टेंभू हे त्यांचं गाव. जन्म १४ जुलै १८५६ चा. घरात गरिबी, म्हणून गोपाळ शिकायला कराडला आजोळी राहिला. तिथलं शिक्षण संपलं आणि पुढचं सगळंच अडलं. मग त्याने कचेरीत कारकुनी केली, दवाखान्यात कंपाउंडरचं काम केलं. शिकायला मिळेल म्हणून तो कराडहून रत्नागिरीपर्यंत चक्क पायी गेला. तिथे जमलं नाही, परत आला. शेवटी नातेवाइकांच्या आधाराने अकोला गाठलं आणि १८७५ मध्ये मॅट्रिक झाला.

पुढे पुण्याचं डेक्कन कॉलेज. एकच सदरा, रात्री धुवायचा आणि सकाळी तोच घालायचा, हा किस्सा आपण शाळेत ऐकलेला असतो. पण फीचं काय? ती त्याने बऱ्याच अंशी लेखणीवर भागवली. वर्तमानपत्रांत लेख, निबंधांची बक्षिसं, जोडीला शिष्यवृत्ती. याच कॉलेजात बाळ गंगाधर टिळक भेटले. सरकारी नोकरी करायची नाही, शाळा काढून लोकांना शिकवायचं, हे दोघांनी रात्र-रात्र बोलून ठरवलं.

त्या काळात एम.ए. झालेल्या तरुणाला मोठ्या पगाराची सरकारी जागा मिळणं अवघड नव्हतं. आगरकरांनी मात्र आईला पत्र लिहून कळवलं, की मुलगा आता खूप पैसे मिळवेल अशी आशा तिने ठेवू नये. पोटापुरतं मिळवून उरलेला वेळ तो लोकांसाठी देणार आहे. हे पत्र वाचून त्या माउलीला काय वाटलं असेल? त्यागाची किंमत एकटा माणूस कधीच भरत नाही, घरही भरतं.

१८८१ मध्ये 'केसरी' सुरू झाला, आगरकर त्याचे पहिले संपादक. पुढच्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यात टिळकांसोबत १०१ दिवस डोंगरीचा तुरुंग. तिथेही त्यांनी शेक्सपिअरचं 'हॅम्लेट' मराठीत आणण्याचं काम केलं. आधी स्वातंत्र्य की आधी समाजसुधारणा, यावरून पुढे जिवलग मित्राशीही बिनसलं. 'केसरी' सोडून १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला. बालविवाह, विधवांचं केशवपन, जातिभेद यांवर ते सडेतोड लिहीत राहिले. चिडलेल्या लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, तरी लेखणी थांबली नाही.

१८९२ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. दम्याने शरीर पोखरलं होतं. १७ जून १८९५ ला ते गेले, तेव्हा वय चाळीसही नव्हतं.

आपल्यापैकी अनेकांना नोकरी लागतेच, कारण घर चालवायचं असतं. त्यात कमीपणा काहीच नाही. पण इतक्या कष्टाने मिळवलेली डिग्री नक्की कशासाठी, हा प्रश्न आगरकरांनी पंचविशीच्या आत स्वतःला विचारला आणि उत्तर आधी आईला सांगितलं. घरून पुढचा फोन येईल तेव्हा आपल्याकडे निदान तो प्रश्न तरी असावा.