सायकलीच्या चाकापासून लोखंडी नांगरापर्यंत

आपल्या हिंगोली जिल्ह्यातील शेतकरी घरांना किर्लोस्करांचे नाव सांगावयास नको. पण त्या नावाचा आरंभ सायकलीने झाला, म्हणून मी हे चार शब्द लिहीत आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पण काही रंग नीट ओळखता येईनात, तेव्हा कुंचला ठेवावा लागला. ते खचले नाहीत. यंत्रांची रेखाटने शिकून व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. सायकल ही तेव्हा मोठी नवलाई. ती चालवावयास ते शिकले आणि १८८८ साली बंधू रामुअण्णांसह त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर तयार झाले. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी लोकांची समजूत. पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली! १९१० साली कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. १९५६ साली ते निवर्तले.

मोटारींच्या शर्यती गाजविणारे फ्रान्सचे प्यूजोही आधी सायकलीच बनवीत. चाकाची हौस मुलांना यंत्रविद्येकडे नेते, ती अशी.

आपल्या मुली सायकलीवर शाळेत जातात. साखळी निसटली की मात्र आपण भावाला हाक मारतो. मला वाटते, पाना तिच्याच हाती द्यावा. पुढचे दातेरी चाक मोठे व मागचे लहान का, हे तिला विचारू द्यावे. हात काळे झाले तर साबण घरात आहेच.