रानवेलींच्या मागे फिरलेला मन्सन

वणी, मुकुटबन किंवा झरी जामणीकडचे असाल, तर चुनखडीची जमीन म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. नांगर फिरवला की पांढरे खडे वर येतात. पावसात सोयाबीन पिवळं पडतं. शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जमिनीत लोह असतं, पण चुन्यामुळे मुळांना ते घेता येत नाही. सुमारे १४० वर्षांपूर्वी हीच पिवळी पानं पाहून फ्रान्सच्या कोन्याक भागातले शेतकरी कपाळाला हात लावून बसले होते. त्यांना वाट दाखवली ती अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या एका रोपवाटिकावाल्यानं. त्याचं नाव थॉमस व्होल्नी मन्सन.

मन्सनचा जन्म २६ सप्टेंबर १८४३चा, इलिनॉय राज्यातला. शेतकऱ्याचं पोर. शिकायला तो केंटकीला गेला आणि १८७०मध्ये पदवीधर झाला. कॉलेजात असताना त्यानं आपल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांची द्राक्षबाग पाहिली, आणि द्राक्षवेलीनं त्याला जे धरलं ते आयुष्यभर सोडलं नाही. तुमच्यापैकी कुणाला असं एखाद्या विषयानं धरलं असेल, तर त्याला हे लगेच कळेल.

१८७३मध्ये तो नेब्रास्कात राहायला गेला. द्राक्षाचं बी पेरून नव्या जाती काढायच्या, असा त्याचा बेत होता. पण तिथं दुष्काळ पडला, वर टोळधाड आली आणि केलेलं सगळं मातीत गेलं. शेवटी १८७६मध्ये बिऱ्हाड उचलून तो टेक्सासमधल्या डेनिसन गावी आला. त्याचे भाऊ आधीच तिथं होते. गावाजवळून वाहणाऱ्या रेड नदीच्या काठावर रानटी द्राक्षवेलींची जाळी माजली होती. लोकांच्या लेखी तो रानमाल. मन्सन मात्र त्या वेलींपाशी थांबला. टोळ, थंडी, कोरड सगळं सोसून ही वेल जगतेच कशी, हा प्रश्न त्याला पडला होता.

मग तो फिरत सुटला. रेल्वेनं, घोड्यावरून, पायी, असा हजारो मैल. प्रत्येक वेलीचं पान, बी, फळ गोळा करायचं, ती कोणत्या मातीत उगवली ते लिहून ठेवायचं आणि काड्या आणून आपल्या रोपवाटिकेत लावायच्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पगार देत नव्हतं. पोट रोपवाटिकेवर चालायचं.

इकडं फ्रान्समध्ये काय चाललं होतं? कोन्याकची ब्रँडी जगभर जात होती. ती बनवायची रीत ऐका. आधी आंबट, कमी अल्कोहोलची पांढरी वाइन करायची. ती तांब्याच्या भट्टीत तापवून वाफ थंड करायची. मोहाच्या भट्टीचं तत्त्व तुम्हाला माहीत असेल, तत्त्व तेच. फरक असा की इथं ऊर्ध्वपातन दोनदा होतं. दुसऱ्या वेळी सुरुवातीचा आणि शेवटचा भाग बाजूला काढतात आणि मधला, सुमारे ७० टक्के अल्कोहोलचा, तेवढाच ठेवतात. एक लिटर असा अर्क मिळायला साधारण नऊ लिटर वाइन लागते. मग तो ओकच्या लाकडी पिंपात निदान दोन वर्षं मुरवतात. म्हणजे बाग गेली की भट्टीवाला, पिंप करणारा सुतार, व्यापारी असे सगळेच बसले.

आणि बाग गेलीच. फायलोक्झेरा नावाची टाचणीच्या टोकाएवढी कीड अमेरिकेतून आणलेल्या वेलींबरोबर युरोपात पोचली होती. ती मुळांतला रस शोषायची आणि वेल दोन-चार वर्षांत वाळायची. कोन्याक भागात सुमारे २,८०,००० हेक्टरवर द्राक्षबागा होत्या. १८९३पर्यंत जेमतेम ४२,००० हेक्टर उरल्या. २०१७च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं आपल्याकडच्या पऱ्हाटीची काय दशा केली, ते ज्यांनी घरात पाहिलंय त्यांना हे आकडे कोरडे वाटणार नाहीत.

उपाय तसा सापडला होता. अमेरिकी वेली या किडीसोबतच वाढलेल्या, त्यामुळे त्यांची मुळं तग धरत. मुळं अमेरिकी ठेवायची आणि वर फ्रेंच द्राक्षाचं कलम बांधायचं. आपल्याकडं जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात, तसंच. इतर भागांत हे जमलं. कोन्याकची जमीन मात्र चुनखडीची. तिथं अमेरिकी खुंट लावले की पानं पिवळी पडायची. कीड टळली तरी माती झाड जगू देईना.

म्हणून १८८७मध्ये फ्रेंच सरकारनं माँपेलिएच्या कृषी विद्यालयातले तरुण प्राध्यापक पिएर विआला यांना अमेरिकेला धाडलं. चुन्यात हिरवी राहणारी रानवेल शोधून आणा, एवढंच काम. बरंच फिरून ते टेक्सासात मन्सनपाशी आले. अकरा वर्षांच्या फिरस्तीमुळे कोणती वेल कोणत्या मातीत उभी आहे, हे त्याला ठाऊक होतं. टेक्सासच्या चुनखडीच्या टेकड्यांवर वाढणाऱ्या वेली त्यानं विआलांना दाखवल्या. त्यातली बर्लँडिएरी ही वेल कामाची ठरली.

मन्सननं एकट्यानं फ्रान्स वाचवलं, असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. बर्लँडिएरीच्या काडीला सहजी मुळं फुटत नाहीत. फ्रेंच संशोधकांनी तिचे दुसऱ्या जातींशी संकर केले, तेव्हा कुठं चुनखडीत टिकणारे खुंट हाती आले. पुन्हा बागा उभ्या राहायला कित्येक वर्षं गेली. द्राक्षाची जुनी जात कलमावर लवकर सडायची, म्हणून तीही मागं पडली आणि युनी ब्लाँ आली. आजचं कोन्याक मुख्यतः तिच्यापासून होतं.

१८८८मध्ये फ्रान्सनं शेतीतल्या कामासाठीचा सन्मान देऊन मन्सनला गौरवलं. तो मात्र पुन्हा वेलींकडे वळला. त्यानं सुमारे ३०० नव्या जाती काढल्या, १९०९मध्ये अमेरिकी द्राक्षांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि २१ जानेवारी १९१३ला डेनिसनमध्येच गेला. आज डेनिसन आणि कोन्याक ही जोडशहरं आहेत.

त्याच्या कामाचा एक धागा आपल्यापर्यंतही येतो. नाशिक-सांगलीकडं कुठल्याही द्राक्षबागाईतदाराला खुंट कोणता म्हणून विचारा. बहुतेक जण डॉगरिज सांगतील. खारं पाणी आणि पाण्याची ओढ सोसणारा हा खुंट मन्सननंच टेक्सासच्या बेल काउंटीतल्या रानातून निवडला होता.

आता आपल्याकडं बघा. रसशोषक किडींना बऱ्यापैकी तोंड देणारा देशी कापूस आपल्या आज्यांनी पेरला, वेचला. तुमच्या गावात त्याचं बी कुणाकडं उरलंय का? कोणत्या बांधावर कोणतं रानझाड दुष्काळातही हिरवं असतं? बीएस्सीला, कृषीला असाल तर पुढच्या सुटीत एक वही घ्या आणि म्हाताऱ्या माणसांना विचारत फिरा. झाडाचं नाव, जागा, माती, तारीख, एवढंच लिहा. मन्सननं वेली गोळा करायला घेतल्या, तेव्हा फ्रान्समधून कुणी विचारायला येणार आहे हे त्याला तरी कुठं माहीत होतं?