बाळू पालवणकर

बाळू पालवणकर यांचा जन्म 1876 साली धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात झाला. वडील लष्करात नोकरीस असल्यामुळे बाळूचे बालपण पुण्याच्या छावणीत गेले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी व चेंडू घेऊन बाळू आणि त्याचा धाकटा भाऊ शिवराम क्रिकेट खेळत. घरची स्थिती बेताची होती. म्हणून बाळूने पुण्यातील एका पारशी क्लबच्या मैदानाची झाडलोट करण्याचे काम पत्करले. वेतन दरमहा तीन रुपये होते.

पुढे 1892 च्या सुमारास तो युरोपीय लोकांच्या पूना क्लबात नोकरीस लागला. खेळपट्टीवर रूळ फिरवणे, तिची आखणी करणे, सरावासाठी जाळी उभारणे ही त्याची कामे. सरावाच्या वेळी त्यास गोलंदाजी करावयास मिळे. हाती बॅट मात्र कोणी देत नसे. मिळालेल्या संधीचे बाळूने सोने केले. ग्रेग नावाचे नामांकित फलंदाज त्याच्या डावखुऱ्या, संथ गोलंदाजीवर तासन् तास सराव करीत. आपण बाद झालो, की ते बाळूस आठ आणे बक्षीस देत, असे सांगतात.

पुण्यातील हिंदू खेळाडूंस युरोपीयांना हरवावयाचे होते. बाळूवाचून ते कठीण होते. परंतु अस्पृश्य मानलेल्या जातीच्या मुलासह खेळावे कसे, असा प्रश्न काहींनी काढला. बराच वाद झाला आणि अखेर बाळूस संघात घेण्यात आले. मैदानावर त्याने फेकलेला चेंडू सर्वजण हाती घेत. पण चहाच्या वेळी त्याला बाहेर बसवून मातीच्या निराळ्या भांड्यात चहा देत. त्याच्या जेवणाची व्यवस्थाही वेगळी असे. हा अपमान सोसून तो पुन्हा मैदानात उतरे आणि एकामागून एक गडी बाद करी.

पुण्यात प्लेगची साथ आली तेव्हा बाळू मुंबईस आला व हिंदू जिमखान्याकडून खेळू लागला. 1906 साली हिंदू संघाने युरोपीयांचा 109 धावांनी पराभव केला. त्या सामन्यात दोन्ही डावांत मिळून बाळूने आठ गडी बाद केले. शिवरामही त्याच संघात होता. 1911 साली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला; परंतु बाळूंनी शंभराहून अधिक गडी बाद केले आणि इंग्रज जाणकारांची वाहवा मिळवली.

इतकी कामगिरी करूनही जातीमुळे संघाचे कर्णधारपद त्यांना देण्यात आले नाही. ते 1923 साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. थोरल्या भावाने मोकळी केलेली वाट धाकट्यास उपयोगी पडली. 1950 साली भारताच्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली. तो दिवस पाहून 1955 साली बाळूंनी या जगाचा निरोप घेतला.