जीटी मारणारा व्हिन्सेंट

सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलच्या कुठल्याही विंगमध्ये डोकावून पाहा. दोन खुर्च्यांवर काच, काचेखाली ट्यूबलाइट, काचेवर सीनिअरची शीट आणि तिच्यावर आपली कोरी शीट. जीटी जोरात चालू! मित्रांनो, जगातला एक फार मोठा चित्रकारसुद्धा अशीच कॉपी करत चित्रकला शिकला, असं सांगितलं तर? त्याचं नाव व्हिन्सेंट व्हॅन गॉग.

व्हिन्सेंटचा जन्म ३० मार्च १८५३ चा, हॉलंडमधल्या झुंडर्ट गावचा. वडील धर्मोपदेशक. सोळाव्या वर्षी तो चित्रांचा व्यापार करणाऱ्या गूपिल कंपनीत लागला. १८७६ मध्ये तिथून काढून टाकलं. मग मास्तरकी केली, पुस्तकांच्या दुकानात काम केलं, धर्मशास्त्राचा अभ्यास अर्ध्यात सोडला. बेल्जियमच्या बोरिनाज या कोळसाखाणींच्या भागात धर्मप्रचारक म्हणून गेला, तिथेही मुदत वाढवून मिळाली नाही. आपल्या भाषेत, सलग इयर डाऊन.

१८८० मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्याने ठरवलं की चित्रकार व्हायचं. शिक्षक नाही, पैसे नाहीत. एका खाणकामगाराच्या घरात, मुलांच्याच खोलीत तो राहायचा. शार्ल बार्ग याच्या चित्रकलेच्या तक्त्यांचा संच त्याने मिळवला. त्यातल्या कोळशाच्या रेखाटनांचे ६० तक्ते त्याने पुन्हा पुन्हा गिरवले. जोडीला मिले या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांचे छाप होते. मिलेचा शेतात बी पेरणारा शेतकरी तर त्याने किती वेळा काढला असेल!

१८८६ मध्ये तो पॅरिसला धाकट्या भावाकडे, थिओकडे राहायला गेला. तिथे जपानी छापचित्रांचं वेड लागलं. १८८७ मध्ये त्याने हिरोशिगेच्या फुललेल्या झाडाच्या चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून रेषा उतरवल्या, चौकटी आखल्या आणि चित्र मोठं करून कॅनव्हासवर घेतलं. म्हणजे अगदी शास्त्रशुद्ध जीटी! कडेने दुसऱ्या छापांवरची जपानी अक्षरंही काढली, अर्थ न कळता. (आपण जर्नल उतरवतो तसंच.)

पण खरी गोष्ट पुढेच आहे. डिसेंबर १८८८ मध्ये मनाचा तोल जाऊन त्याने स्वतःचा कान कापला. मे १८८९ मध्ये तो सें-रेमीच्या मनोरुग्णालयात आपणहून दाखल झाला. सूर्यफुलं काढून झाली होती. 'तारांकित रात्र'ही जून १८८९ मध्ये झाली. त्यानंतर जुलैमध्ये आजाराचा मोठा झटका आला आणि कित्येक आठवडे काम थांबलं. सावरल्यावर समोर बसायला मॉडेल नव्हतं. मग त्याने मिलेचे जुने छाप काढले आणि पुन्हा कॉपी सुरू केली. मिलेच्या एकूण २१ चित्रांवरून त्याने चित्रं केली.

गंमत अशी की छाप काळे-पांढरे होते. आकार मिलेचा, पण रंग कुठून आणायचा? तो व्हिन्सेंटला स्वतःच शोधावा लागला. गायकाने दुसऱ्याची चीज आपल्या गळ्याने गावी, तसं हे काम आहे असं तो मानायचा. म्हणून त्याच्या 'दुपारची विश्रांती'तलं गवत पिवळंधमक आहे आणि आभाळ निळंगर्द. जानेवारी १८९० मध्ये त्याने मिलेच्या 'पहिली पावलं' या चित्राच्या फोटोवर चौकटी आखून ते रंगवलं. बापाकडे झेपावणारं तान्हं मूल आहे त्यात. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला थिओला मुलगा झाला. नाव ठेवलं व्हिन्सेंट.

२९ जुलै १८९० रोजी, सदतिसाव्या वर्षी, व्हिन्सेंट गेला. त्याच्या महिना-दीड महिना आधी त्याने थिओकडे काय मागितलं माहीत आहे? बार्गचे तेच ६० तक्ते. पुन्हा पहिल्यापासून गिरवायला! 'तारांकित रात्र' काढलेल्या माणसाला फर्स्ट इयरचा सराव हवा होता.

तेव्हा दोस्तहो, जीटी खुशाल मारा. फक्त मारताना प्रत्येक रेषा तिथे का आहे ते बघा. व्हिन्सेंट दहा वर्षं तेच बघत होता. आपली मात्र शीट सकाळी जमा होते, आणि व्हायव्हाला सरांनी एका रेषेवर बोट ठेवलं की आपण सीनिअरला शोधत सुटतो.