पंडिता रमाबाई व मुक्तीचीं लहानथोर माणसें

माढें स्टेशनावरून पुण्याकडे जाणाऱ्या गाडींत बसलें म्हणजे कुर्डुवाडी, जेऊर व दौंड मागें टाकल्यावर केडगांव लागतें. या स्टेशनाचें नांव आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे, कारण तेथील मुक्ति सदनांत वाढलेल्या मुली महाराष्ट्रांतील अनेक मंडळ्यांत शिक्षिका, बायबल-बाया व सुना होऊन गेल्या. तें सदन उभारणाऱ्या पंडिता रमाबाई यांचें चरित्र आम्ही येथें देत आहों, परंतु सगळें नव्हे. त्यांची विद्वत्ता व त्यांचे परदेशचे प्रवास यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. तान्हें मूल, तरणी विधवा, आंधळी बाई व कोणी न विचारलेली म्हातारी यांस बाईंनीं एका आवारांत कसें आणिलें, व आणल्यावर त्यांस एकमेकींच्या कशा उपयोगीं पाडिलें, एवढेंच आम्हांस सांगावयाचें आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या रानांत गंगामूळ येथें झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. स्त्रियांनीं संस्कृत शिकूं नये असें मानण्याच्या त्या काळीं त्यांनीं आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, तें शिकविलें, आणि लोकांचा रोष पत्करून रानांत आश्रम बांधून राहिले. रमाबाई शिकण्याजोग्या वयाच्या झाल्या तेव्हां शास्त्रीबोवा थकले होते व त्यांच्यानें धाकट्या मुलीस शिकविणें होईना. तेव्हां तें काम आईनें हातीं घेतलें. दिवसभर घरचा रगाडा असे, म्हणून पहांटे उजाडण्यापूर्वीं ती मुलीस उठवून तोंडानें पाठ देई. तीमथ्याची आजी लोईस व आई युनीके यांची आठवण आमच्या वाचकांस येथें सहज होईल. म्हाताऱ्या बापाची विद्या आईच्या मुखानें मुलीस मिळाली, आणि त्याच मुलीनें पुढें शेंकडों पोरक्या मुलींस शिकविलें.

पुढें आश्रम मोडला व कुटुंब तीर्थोतीर्थीं पुराण सांगत फिरूं लागलें. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यांत दुष्काळ पडला असतां त्यांच्याजवळचें सर्व संपलें, आणि शास्त्रीबोवा उपासानें खंगून वारले. थोड्याच दिवसांनीं लक्ष्मीबाईही गेल्या. त्यांचें प्रेत उचलावयास पुरेशीं माणसें मिळेनात. मोठ्या मिनतवारीनें दोन ब्राह्मण आले. तिसरा भाऊ श्रीनिवास. चौथी जागा रमाबाईंनीं घेतली. स्मशान तीन मैलांवर होतें, व बाई ठेंगण्या असल्यामुळें तिरडीचा दांडा त्यांच्या खांद्यास पुरेना; म्हणून तो त्यांनीं डोक्यावर घेतला. त्यांचें वय तेव्हां सोळा वर्षांचें होतें. कांहीं महिन्यांनीं थोरली बहीणही गेली.

आमच्या सोलापूर जिल्ह्यास दुष्काळाची ओळख नव्यानें करून द्यावयास नको. १८७६–७७ सालीं आष्टीच्या तलावावर माती वाहून ज्यांनीं पोट भरलें त्यांचे नातूपणतू या तालुक्यांत आहेत. जिची आई उचलावयास चार माणसें मिळालीं नाहींत, ती बाई पुढें वृद्ध स्त्रियांसाठीं घर बांधते, यांत आम्हांस कांहीं आश्चर्य वाटत नाहीं.

मधलीं वर्षें आम्ही भराभर सांगतों. १८७८ सालीं भावाबहीण कलकत्त्यास पोंचलीं, व तेथील पंडितांनीं रमाबाईंस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० सालीं भाऊ वारला. त्याच वर्षीं बाईंनीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशीं, जातीचें बंधन मोडून, विवाह केला; १८८१ सालीं मनोरमा ही कन्या झाली; आणि १८८२ सालीं पटकीनें पतिही गेले. तान्ही मुलगी घेऊन त्या पुण्यास आल्या व तेथें त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला. पुढल्या वर्षीं वैद्यकी शिकण्याच्या हेतूनें त्या विलायतेस गेल्या, पण कानानें कमी ऐकूं येऊं लागल्यामुळें तो बेत राहिला. वाँटेज गांवच्या ख्रिस्ती भगिनींकडे त्या राहात असत. या भगिनींनीं लंडनमध्यें पतित स्त्रियांस पुन्हां उभें करण्याचें जें काम चालविलें होतें, तें पाहून त्यांचें मन फार हाललें. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांनीं मुलीसह बाप्तिस्मा घेतला. नंतर अमेरिकेंत जाऊन त्यांनीं १८८७ सालीं हिंदु विधवांच्या दुःखावर इंग्रजी ग्रंथ लिहिला, त्यांतून साहाय्यकांची मंडळी उभी राहिली, आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदा सदन उघडलें. पुढल्या वर्षीं तें पुण्यास आलें.

आतां एक गोष्ट स्पष्ट लिहिणें आम्हांस प्राप्त आहे. शारदा सदन उघडलें तें उच्च जातींच्या बालविधवांसाठीं. तेथें त्यांचे सोंवळेओंवळें व स्वयंपाकाचे नियम पाळले जात. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या आजीपणजीस त्या दारांत तेव्हां जागा नव्हती. बाईंस हें कळत नव्हतें असें नाहीं. ज्या विधवांस बाहेर पडण्यास दुसरी वाटच नव्हती त्यांच्यासाठीं त्यांनीं दार केलें, व त्यांस येतां यावें म्हणून तें अरुंद केलें. इतकें करूनही १८९३ सालीं मुली ख्रिस्ताकडे वळत आहेत असा गवगवा होऊन पुण्यांतील प्रतिष्ठित सल्लागार निघून गेले, व पालकांनीं पुष्कळ मुली काढून नेल्या. अरुंद दारही लोकांस फार रुंद वाटलें.

तें दार खरोखर रुंद केलें तें दुष्काळानें. १८९६–९७ सालीं मध्यप्रांतांत माणसें मरूं लागलीं, तेव्हां रमाबाई स्वतः तेथें गेल्या. आपण व आपला भाऊ रानोमाळ उपाशी फिरलों तें त्यांस आठवलें. रस्त्यांतून, झाडांखालून व दुष्काळी छावण्यांतून त्यांनीं सुमारें तीनशें मुली व स्त्रिया आणिल्या, आणि त्यांत जातीची निवड केली नाहीं. पुण्यास त्या वेळीं प्लेगची सांथ होती व शहरांत इतकीं माणसें ठेवतां येईनात. केडगांवास बागेसाठीं घेतलेली जमीन होती. तेथें विहिरी खणविल्या, छपरें घातलीं, आणि मुक्ति सदन सुरू झालें. १८९९–१९०० सालीं गुजराथेंत मोठा दुष्काळ पडला. तेथूनही मुली आल्या, आणि सदनांतील माणसांची संख्या दोन हजारांच्या घरांत गेली.

इतक्या लेंकरांस सांभाळणार कोण? भुकेनें त्यांचीं शरीरेंच नव्हे तर स्वभावही बिघडले होते. येथें बाईंचें खरें शहाणपण दिसतें. शारदा सदनांत शिकलेल्या ज्या तरुण विधवा होत्या, ज्यांस त्यांच्या घरच्यांनीं पांढऱ्या पायाच्या म्हणून कोपऱ्यांत बसविलें असतें, त्यांसच बाईंनीं या मुलींच्या आया व शिक्षिका केलें. ज्यांस स्वतःचें मूल होण्याची आशा नव्हती त्यांच्या हातीं मुलांचे थवे आले. ज्या कालपर्यंत दुसऱ्याच्या आधारावर होत्या त्या आतां आधार झाल्या. दया करणारे व दया घेणारे अशा दोन रांगा मंडळींत पडतात, हें आम्ही खेडोपाडीं पाहतों. मुक्तींत घेणारीस लवकरच देणारी करण्याची रीत होती.

जसजशी नवी गरज दारांत आली तसतसें आवारांत नवें घर उभें राहिलें. पाय घसरलेल्या स्त्रियांसाठीं कृपा सदन झालें. मुलग्यांसाठीं सदानंद सदन. वृद्ध व अपंग स्त्रियांसाठीं प्रीति सदन. आंधळ्यांसाठींही निराळी जागा केली, आणि त्यांस शिकविण्याचें काम मनोरमाबाईंनीं घेतलें. त्या अमेरिकेंत बोटांनीं वाचावयाची ब्रेल लिपि शिकून आल्या होत्या. आंधळ्या स्त्रिया त्यायोगें शास्त्र वाचूं लागल्या व टोपल्या विणूं लागल्या. बाकीच्यांस माग, शेत, गुरें, तेलाचा घाणा, छापखाना अशीं कामें होतीं.

प्रीति सदनाविषयीं आम्ही थोडें थांबतों. दुष्काळी वर्षांत मूल वांचविणें सर्वांस पटतें, कारण मुलापुढें आयुष्य आहे. म्हातारीस वांचवून काय मिळणार, असा हिशोब उघड कोणी बोलत नाहीं, पण पुष्कळ ठिकाणीं तोच चालतो. आमच्या खेड्यांच्या मंडळ्यांतही शाळेसाठीं वर्गणी निघते, परंतु ज्या बाईनें गांवांत पहिला बाप्तिस्मा घेतला ती दिसत नाहीं म्हणून रविवारीं येत नाहींशी झाली, हें उपदेशकास महिनोन्‌महिने कळत नाहीं. बाईंनीं तो हिशोब केला नाहीं. उपासनेची घंटा सर्वांसाठीं एकच होती. १८९९ सालीं ज्याचा पाया घातला त्या मोठ्या देवळांत जमिनीवर बसून लहानमोठ्या सर्व जणी प्रार्थना करीत. मंदिरांत बाळ येशूस ओळखणारीं दोघें, शिमोन व हन्ना, म्हातारींच होतीं.

मोठ्या संस्थेंत दोष नसतात असें आमचें म्हणणें नाहीं. हजारों माणसांचा भार एका बाईच्या खांद्यावर असणें धोक्याचें, आणि बाईंस हें ठाऊक होतें. म्हणूनच त्यांनीं मनोरमाबाईंस लहानपणापासून या कामांत वाढविलें व आपल्यामागें तींच हें चालवील अशी आशा धरिली. परंतु २४ जुलै १९२१ रोजीं मनोरमाबाई चाळीस वर्षांच्या वयांत वारल्या. जिनें सोळाव्या वर्षीं आईस डोक्यावर वाहिलें, तिलाच आतां लेंकीचें मरण पाहावें लागलें. बाईंचें वय तेव्हां त्रेसष्ट होतें व कानानें त्यांस फारच थोडें ऐकूं येत असे. तरीही मुक्तीचें दार बंद झालें नाहीं.

त्यांच्या हातीं आणखी एक काम होतें. सदनांतील थोराड बायांस, ज्या वाचावयास उशिरा शिकल्या, पुस्तकी संस्कृतप्रचुर मराठी कळत नसे. संस्कृतांत ज्यांची बरोबरी करणाऱ्या थोड्या, त्या बाईंनीं अशा बायांसाठीं साध्या बोलींत सर्व पवित्र शास्त्राचें भाषांतर करावयास घेतलें, आणि त्यासाठीं उतारवयांत इब्री व ग्रीक या भाषांचा अभ्यास केला. हें काम पंधरा वर्षांहून अधिक चाललें. शेवटच्या आजारांतही छापलेलीं पानें तपासणें त्यांनीं सोडिलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं झोपेंतच त्यांचें देहावसान झालें, आणि केडगांवासच त्यांस मूठमाती देण्यांत आली. संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला. त्याचे खिळे जुळविले, पानें छापलीं व बांधलीं तीं मुक्तीच्या छापखान्यांत, त्याच सदनांत वाढलेल्या स्त्रियांनीं.